डोळ्यांतून मेंदू तपासणार, पण शाळेचा हिशेब कोण देणार?

‘डोळ्याचा एक फोटो काढा आणि म्हातारपणी स्मृती जाणार की राहणार ते ओळखा’ अशा अर्थाच्या बातम्या गेली सात-आठ वर्षं आपल्या मोबाईलवर फिरत आहेत. चळवळीतल्या बहुतेक तरुणांनी त्या न वाचताच पुढे सरकवल्या असतील. आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, खासगीकरण एवढं सगळं अंगावर असताना म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्याकडे कोण बघणार? शिवाय त्यावर आपल्याकडे तयार उत्तर आहेच: साठी बुद्धी नाठी. मला मात्र या विषयात जातीचा प्रश्न दिसतो, आणि तो अगदी थेट दिसतो. म्हणून हा लेख.

आधी विज्ञान समजून घेऊ. न समजता केलेला विरोध आणि न समजता ओवाळलेली आरती, दोन्ही सारख्याच निकामी. डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पडदा असतो, ज्याला डॉक्टर रेटिना म्हणतात, तो आईच्या पोटात मेंदूच्याच भागातून तयार होतो. मेंदू कवटीत बंद आहे, पण त्याचा हा एक तुकडा बाहुलीतून उघड्यावर दिसतो. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत बघायचं साधन बनवलं. 1991 मध्ये ओसीटी नावाचं तंत्र आलं. त्यात प्रकाशाच्या मदतीने पडद्याचे थर कापल्यासारखे वेगवेगळे दिसतात आणि त्यांची जाडी मोजता येते. अल्झायमरसारख्या आजारात मेंदूच्या पेशी झिजतात तेव्हा पडद्यावरचा मज्जातंतूंचा थरही पातळ होत असावा, तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांची ठेवण बदलत असावी, अशी कल्पना होती. 2018 मध्ये ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मधल्या 32,038 लोकांचा अभ्यास ‘जामा न्यूरॉलॉजी’त आला. ज्यांचा हा थर पातळ होता त्यांची बुद्धीच्या चाचण्यांतली कामगिरी कमी होती, आणि त्यांच्यातल्या काहींना तीन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा घसरणही त्यांच्यातच जास्त निघाली. 2022 मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांच्या पुढाकाराने अल्झायमरचे 648 रुग्ण आणि आजार नसलेले 3,240 लोक यांचे पडद्याचे फोटो संगणकाला दाखवून, कोण कोणत्या गटातला हे त्याला ओळखायला शिकवलं गेलं. त्याने बऱ्यापैकी ओळखलं. हे सगळं अजून संशोधन आहे. फोटो बघून ‘तुम्हाला डिमेन्शिया आहे’ असं कोणी सांगत असेल तर तो विज्ञानाच्या पुढे पळतो आहे.

हे परदेशातलं आहे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणू नका. रे रोडला हार्बरची गाडी पकडली की कॉटन ग्रीन, शिवडी आणि मग वडाळा. तिथल्या आदित्य ज्योत या नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मधुमेहाच्या रुग्णांवर एक अभ्यास केला. तो 2019 मध्ये ‘जामा ऑप्थॅल्मॉलॉजी’त छापून आला. मोबाईलला जोडलेला कॅमेरा, फोटो काढणारी डोळ्यांची डॉक्टर नव्हे तर शिकवून तयार केलेली आरोग्य कर्मचारी, आणि इंटरनेट नसतानाही फोनमध्येच फोटो वाचणारी प्रणाली. 213 जणांच्या फोटोंवर हिशेब झाला. मधुमेहाने पडदा इतका बिघडलाय की डॉक्टरकडे पाठवलंच पाहिजे, असा एकही माणूस यंत्रातून निसटला नाही. जे बरे होते त्यांच्यापैकी मात्र शंभरात अकरा-बारा जणांना यंत्राने उगाच लाल खूण केली. या अभ्यासात स्मृतीचा काही संबंध नव्हता. पण कॅमेरा तोच, पडदा तोच, दवाखाना तोच. फोनमधली प्रणाली बदलली की तोच कॅमेरा उद्या मेंदूबद्दल बोलायला लागेल. त्यामुळे ‘येऊ द्यायचं की नाही’ हा वाद फुकट आहे. ते आपल्यासमोर कोणत्या अटींवर येणार, एवढाच प्रश्न आहे.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आई 72 च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून मुंबईत आली आणि दारुखान्यात भंगाराच्या गाळ्यांवर माल निवडायला लागली. जुन्या जहाजांतून निघालेलं पितळ वेगळं, तांबं वेगळं, पत्रा वेगळा. हातात घेऊन वजन सांगायची आणि काट्यावर तेवढंच भरायचं. आज आधार कार्डावर तिचं वय 75 आहे, खरं वय तिलाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी ती एकच गोष्ट तीन-तीनदा विचारायला लागली, एकदा गॅस चालू ठेवून खाली गेली, तेव्हा आम्ही तिला एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तरुण डॉक्टर होता, बोलायला चांगला. त्याने विचारलं, ‘आजी, आज तारीख कोणती?’ आई म्हणाली, ‘तारीख नाही माहीत. परवा पौर्णिमा झाली, विहारात गेले होते.’ उत्तर बरोबर होतं, पण कागदावर त्याला जागा नव्हती. मग शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात. आईने विचारलं, ‘सात रुपयांचं घेतलं काय?’ पुढे त्याने कागद-पेन दिलं आणि म्हणाला, मनात येईल ते एक वाक्य लिहा. आईने सही केली. तिला तेवढंच लिहिता येतं, तेही साक्षरता वर्गात शिकलेलं. शेवटी एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनांचं चित्र काढायचं होतं. तिने कागद परत दिला.

तीसपैकी चौदा. केसपेपरवर आकडा पडला आणि त्याच्यापुढे आजाराचं नाव.

ही चाचणी 1975 मध्ये अमेरिकेत तयार झाली. ती वाईट नाही, जगभर वापरतात, आणि शिकलेले-न शिकलेले यांचा फरक लक्षात घ्यावा हे डॉक्टरांनाही माहीत असतं. पण ओपीडीत बाहेर साठ माणसं उभी असताना तो फरक कोण लक्षात घेणार? 1961 च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींचं साक्षरतेचं प्रमाण 10.27 टक्के होतं आणि त्यांतल्या स्त्रियांचं 3.29 टक्के. शंभर बायांमध्ये जेमतेम तीन. (त्या वेळी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिलेले आपले लोक त्या आकड्यात धरलेच नव्हते. केंद्राने आपल्याला त्या यादीत घेतलं ते 1990 मध्ये.) 1961 साली शाळेत जायच्या वयाची असलेली पोर आज सत्तरीच्या पुढे आहे, म्हणजे बरोबर त्या वयात, जेव्हा तिच्या स्मृतीची चाचणी होते. साठ वर्षांपूर्वी तिला पाटी दिली नाही आणि आज तिला पाटीवरचा हिशेब विचारून सांगतात की बाई, तुमचा मेंदू कमी पडतो.

हे टाळता येतं हे आपल्याच देशात सिद्ध झालेलं आहे. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये निरक्षर म्हाताऱ्यांसाठी या चाचणीचं हिंदी रूप तयार झालं, ते 1995 मध्ये प्रसिद्ध झालं. वाक्य लिहा याऐवजी तुमच्या घराबद्दल काहीतरी बोला. सातच्या वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे सांगा. काम तेच तपासलं जातं, शाळा मध्ये येत नाही. तीस वर्षं झाली या गोष्टीला.

आता कळेल की डोळ्याचं यंत्र मला का आवडलं, आणि अजूनही का आवडतं. पडदा शाळेत गेलेला नसतो. पडद्याला मराठी येतं की इंग्रजी, याने फरक पडत नाही. आईला काही लिहायचं नाही, हनुवटी टेकवायची आणि समोर बघायचं. आडनाव न विचारता, सही न मागता माणसाला तपासणारं साधन आपल्यासारख्यांना हवंच असतं.

पण इथेच एक मेख आहे, आणि संगणक शिकणाऱ्या आपल्या पोरांनी ती नीट समजून घ्यावी. यंत्राला कोण शिकवतं? त्याच्यासमोर हजारो फोटो ठेवतात आणि प्रत्येक फोटोवर चिठ्ठी लावतात: हा रुग्ण, हा निरोगी. ती चिठ्ठी लावताना डॉक्टर अनेक गोष्टी बघतात, आणि त्यांत याच कागद-पेनाच्या चाचण्याही असतात. उद्या आपल्या वस्त्यांमधले फोटो गोळा करून त्यावर ‘तीसपैकी चौदा’ अशा चिठ्ठ्या लावल्या, तर यंत्र काय शिकेल? ज्या बाईला शाळा मिळाली नाही, जिचं बीपी वाढलेलं आहे, जिला शुगर आहे, जिच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिचा पडदा म्हणजे आजारी मेंदू, असं ते शिकेल. मग शाळेचा प्रश्न न विचारताच ते शाळेचं उत्तर देईल. आणि तेव्हा त्या कागदाशी भांडता येत होतं तसं यंत्राशी भांडता येणार नाही. ‘विज्ञान सांगतंय’ म्हटलं की आपला माणूस गप्प बसतो.

शरीर मोजून माणसाची पायरी ठरवण्याचा खेळ आपल्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ या 1948 च्या ग्रंथात काय केलं? मोजमाप थोतांड आहे म्हणून ते बाजूला फेकून दिलं नाही. नाकांचे तेच आकडे समोर मांडले आणि दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे ठरतच नाहीत. मला वाटतं यंत्रांच्या बाबतीत आपली भूमिका हीच असली पाहिजे. आकडा मागा. कोणाला मोजलं, कोणाला वगळलं, चिठ्ठी कोणी लावली, हे विचारा.

वगळण्याचंच बघू. त्या 32,038 लोकांच्या ब्रिटिश अभ्यासात मधुमेह असलेल्यांना, डोळ्यांचे आजार असलेल्यांना आधीच बाजूला काढलं होतं. संशोधन म्हणून ते बरोबरच आहे, नाहीतर पडदा कशामुळे पातळ झाला ते कळणार कसं? शिवाय बायोबँकेत आलेले लोक मुख्यतः गोरे आणि सर्वसाधारण ब्रिटिश माणसापेक्षा धडधाकट. आता ते निकष घेऊन रे रोड स्टेशनच्या पूर्वेला चला. कौला बंदरची वस्ती पोर्ट ट्रस्टच्या, म्हणजे केंद्राच्या जमिनीवर. सरकारी नोंदीत अधिकृत झोपडपट्टी नाही, म्हणून महापालिकेचं पाणी नाही, लोक वर्षानुवर्षं पाणी विकत घेतात. पुकार या मुंबईतल्या संस्थेच्या आणि तिच्या सहकारी संशोधकांच्या लेखांत हे सगळं आलेलं आहे. बाजूला दारुखान्यात गॅस कटरने जहाजाचा रंगवलेला पत्रा कापतात. त्या जुन्या रंगात शिसं असतं, आणि शिसं मेंदूला काय करतं ते जगाला ठाऊक आहे. शुगर, बीपी तर घरटी आहे. म्हणजे ज्यांना वगळून हे शास्त्र उभं राहिलं, नेमकी तीच माणसं इथे कॅमेऱ्यासमोर बसणार. यंत्र त्यांच्याबद्दल जे बोलेल त्याला आधार काय?

दुसरी बाजूही सांगतो, कारण आपल्यातले काही जण लगेच म्हणतील की म्हणजे आपल्या लोकांना आजार नाहीच, सगळा चाचणीचा दोष. असं नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाने 2023 मध्ये साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, कमी शिकलेल्यांत जास्त. यातला थोडा भाग चाचणीचा असेलही, पण सगळा नाही. लहानपणी शिक्षण न मिळणं हे या आजाराच्या टाळता येणाऱ्या कारणांमध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने धरलेलं आहे. शिकलेला मेंदू झीज जास्त काळ सोसतो. म्हणजे अक्षर नाकारलं त्याचा मार दोनदा बसतो: एकदा खरोखर मेंदूवर आणि परत एकदा मेंदू मोजणाऱ्या कागदावर. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जो ग्रंथ जाळला त्याच्या नावात ‘स्मृती’ आहे. त्याच्या कायद्याने ज्यांचं शिक्षण गेलं, त्यांच्याच स्मृतीवर आज त्याची वसुली चालू आहे.

याच आयोगाने 2024 मध्ये यादीत दोन नवी कारणं घातली. त्यांतलं एक म्हणजे उपचार न झालेली दृष्टिहीनता. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ज्या डोळ्यातून मेंदू बघायचा बेत चालला आहे, तो डोळा आधी दिसता करा, असंच ते सांगतं. न दिसणारा माणूस घराबाहेर पडत नाही, माणसं ओळखत नाही, बोलणं कमी करतो, आणि मेंदूला काम उरत नाही. अमेरिकेतल्या तीन हजारांवर वृद्धांच्या एका अभ्यासात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तीसपैकी चौदा देताना तो कागद तिला दिसत होता का, हे कोणी विचारलं नाही. ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं झालं. विसरणं थांबलेलं नाही, अजूनही ती एकच गोष्ट दोनदा विचारते, पण जिन्यातल्या माणसांना नावाने हाक मारायला लागली आणि विहारात परत एकटी जायला लागली. बाबासाहेबांनाही मधुमेह होता, शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली होती आणि तशात त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हातावेगळा केला. आपल्या विहारांच्या भिंतींवर त्यांच्या चष्म्याचं चित्र असतं. त्याच विहारांत बसणाऱ्या किती जणांना बरोबर नंबरचा चष्मा आहे?

समजा यंत्राने बरोबर ओळखलं. पुढे काय? अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झालेलं लेकॅनेमॅब हे औषध तिथे वर्षाला 26,500 डॉलरला पडतं, म्हणजे वीस लाख रुपयांच्या वर, आणि तेही आजार बरा करत नाही, घसरण थोडी मंदावतं. आपल्याकडे जे होतं ते घरात होतं, आणि ते बाई करते. आमच्या घरी माझी बायको करते, नोकरी सांभाळून. दहा बाय बाराच्या खोलीत रात्री उठून दार उघडणाऱ्या माणसाला सांभाळायचं म्हणजे काय, ते तिला विचारा. आणि जिथे आजाराचं नावच माहीत नसतं तिथे भगताकडे नेतात, बाहेरची बाधा म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे घडतं, मी पाहिलेलं आहे. आजाराचं नाव वेळेवर कळलं तर निदान लिंबू उतरवणं थांबतं. लवकर ओळखण्याचा हा फायदा मी कमी मानत नाही.

एक गोष्ट मात्र औषधाशिवाय करता येते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या मैदानावर आईबापाच्या खांद्यावर बसलेली पोरं आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. 1974 ची वरळीची दंगल, भागवत जाधवचा मृत्यू, नामांतराचा लढा ज्यांनी अंगावर घेतला ते सत्तरीत आहेत. आपला इतिहास दप्तरात कमी आणि या डोक्यांत जास्त आहे. ती डोकी विझायच्या आत फोन समोर धरून त्यांना बोलतं करा. जुनी आठवण उशिरा जाते, कालचं जेवण विसरलेली बाई पन्नास वर्षांपूर्वीचा मोर्चा रस्त्यांच्या नावांसह सांगते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे एका संस्थेने आमच्या विहारात अशा पडद्याच्या तपासणीचं शिबिर घेण्याबद्दल विचारलं आहे. आमच्यात दोन तट पडले. ‘फुकट आहे, घ्या’ आणि ‘आपण काय यांचे उंदीर आहोत?’ बरीच वादावादी झाली. शेवटी आम्ही त्यांना लेखी विचारलं. फोटो कुठे साठवणार आणि कोणाला देणार? पडद्याच्या फोटोवरून वय, स्त्री की पुरुष, बीपी, विडी-सिगारेट एवढं संगणकाला ओळखता येतं हे 2018 मध्येच दाखवलं गेलं आहे, तेव्हा तो साधा फोटो नव्हे. रेशनच्या दुकानात बुबुळ दाखवतो तसंच हेही, असं समजून आपली माणसं समोर बसतील, म्हणून संमती मराठीत आणि वाचून दाखवून घेणार का? तुमचं यंत्र शुगर आणि मोतीबिंदू असलेल्यांवर तपासलेलं आहे का? लाल खूण आलेल्या माणसाला पुढे कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या दवाखान्यात बघणार? आणि ज्याला चष्मा किंवा ऑपरेशन लागेल त्याचं ते आधी करून देणार का?

पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आलं, ठीक वाटलं. चष्मा आणि ऑपरेशनचं ‘वरिष्ठांना विचारतो’ म्हणाले. शुगरच्या प्रश्नावर आणि लाल खुणेनंतरच्या डॉक्टरबद्दल अजून काही कळवलेलं नाही. तोपर्यंत शिबिर थांबलेलं आहे. पण म्हाताऱ्यांच्या नजरेची साधी तपासणी आम्ही येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात आपणच करतो आहोत. भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता आहे, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या खुणांचा तक्ता आणला आहे. नर्सिंग आणि ऑप्टोमेट्री शिकणाऱ्या पोरापोरींनी यावं. येताना आजी-आजोबांचा जुना चष्मा आणि शुगरचा केसपेपर बरोबर आणा.

जय भीम.